घरची उपासना, घरची शाळा आणि बाहुल्यांचं काम

सेलूहून एका भगिनीने विचारलं आहे: "ताई, मुलगा ९ वर्षांचा आहे, मुलगी ५ वर्षांची. दोघांना घरीच शिकवते. जोडीला कापडी बाहुल्या करून विकते. नाताळाच्या आधी ऑर्डरी इतक्या येतात की सकाळची प्रार्थना राहते, अभ्यास राहतो आणि मी मध्यरात्रीपर्यंत मशीनवर. सासूबाई म्हणतात, लेकरं वाया चालली. जिल्हा परिषदेचे गुरुजी शाळाबाह्य मुलांच्या यादीसाठी येऊन गेले, तेव्हापासून धास्ती बसली आहे. त्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी 'बाहुली म्हणजे मूर्तीच' असं सुनावलं. तुम्ही हे तिन्ही कसं सांभाळलंत?"

जय ख्रिस्त. तू ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. आमची तिन्ही लेकरं जालन्यात घरीच शिकली. थोरली दोघं आता कॉलेजात आहेत, धाकटा दहावीच्या तयारीत आहे. बाहुल्यांचं काम थोरली रांगत होती तेव्हापासून सुरू आहे.

पहिली गोष्ट ही की तिन्ही कामं सारखीच सांभाळायची हा हट्ट सोडून दे. त्यांना क्रम लाव. देवाबरोबरचा वेळ पहिला, लेकरं दुसरी, बाहुल्या तिसऱ्या. दोन कामं एकाच वेळी अंगावर आली तर कोणी मागं सरायचं हे आधीच ठरलेलं असलं, की रोज सकाळी मनाशी नव्याने भांडावं लागत नाही. बाहुली थांबू शकते. कापून ठेवलेलं कापड डब्यात महिनाभर पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पाच वर्षांच्या मुलीची विचारायची हौस मात्र "थांब गं, ऑर्डर आहे" असं दोन-चारदा ऐकलं की आटते, आणि मग ती विचारायचंच सोडून देते.

आता तू म्हणशील, बाहुल्यांच्या पैशावर घरचा किराणा चालतो. चालत असेल, आमचाही चालला आहे. तिसरं म्हणजे दुय्यम किंवा कसंही उरकायचं काम नव्हे. फक्त ऑर्डरींप्रमाणे तास काढायचे नाहीत, तासांप्रमाणे ऑर्डरी घ्यायच्या. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथंच मांडते. १४ इंचांची कापडी बाहुली, भरतकामाचा चेहरा, लोकरीचे केस आणि काढता-घालता येईल असं एक परकर-पोलकं, एवढं नीट करायला सरावलेल्या हातालाही ८-९ तास लागतात. तुझी लेकरं लहान आहेत, तेव्हा दुपारी धाकटी झोपते तेव्हाचा एक तास आणि रात्री जेवणं आटोपल्यावरचा एक तास, एवढेच खात्रीचे धर. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे १० तास. टँकरचा दिवस, पाहुण्यांचा दिवस, लाइट नसलेली दुपार हे त्यातूनच जाणार. म्हणजे आठवड्याला एक बाहुली. ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत १७ आठवडे होतात, तर नाताळाच्या बाहुल्या १७. अठराव्या गिऱ्हाइकाला जानेवारीची तारीख द्यायची. बहुतेक जण थांबतात. ज्याला थांबणं जमत नाही त्याला दुसऱ्या करणाऱ्या बाईचा नंबर द्यायचा.

आमच्याकडे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अगदी शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, मशीन बंद होतं ते नवीन वर्षातच उघडतं. नाताळ हा आपल्या घरचा सण आहे. तो गिऱ्हाइकांच्या घरी साजरा व्हावा म्हणून आपल्याच लेकरांनी दमलेली, चिडलेली आई बघायची, हे मला कधीच पटलं नाही.

सकाळच्या प्रार्थनेचं सांगते. ती राहते कारण ती लांबलचक ठरवलेली असते. पाऊण तासाची उपासना ठरवली की गडबडीच्या दिवशी ती पूर्णच बुडते. पंधरा मिनिटांची ठेव आणि चहानंतर, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, तीच जागा, तीच सतरंजी. एक गीत, शास्त्रातला एक लहान भाग, प्रत्येकाची एक-एक वाक्याची प्रार्थना. गीत अभंगाच्या चालीचं घे, पेटी नसली तरी टाळ असू दे. पाच वर्षांच्या पोरीला टाळ दिला की ती जागची हलत नाही. मुलगा वाचायला लागला असेल तर शास्त्रपाठ त्यानेच वाचायचा. जोडाक्षरांना अडखळला तर अडखळू दे, मध्ये टोकू नकोस. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना लेकरांना शिकवायला सांगितलं आहे. तिथं वेळापत्रक दिलेलं नाही, दिवसभराचं बोलणं सांगितलं आहे. एक मात्र कळकळीने सांगते: शिक्षा म्हणून वचन दहा वेळा लिहायला लावू नकोस. ज्या वचनाचा आधार त्याला पुढं आयुष्यभर घ्यायचा आहे, त्याची आठवण शिक्षेशी जोडली जाऊ नये.

रविवारी सुई नाही. शनिवारी दिवेलागणीला मशीनवर चादर टाकायची, गिऱ्हाइकांना "सोमवारी बोलू" असं कळवून टाकायचं आणि रविवारी मंडळीत जायचं, जेवायचं, लोळायचं, कोणाच्या तरी घरी जायचं. दहा आज्ञांमधली चौथी आज्ञा नीट वाच. विश्रांती तुला, तुझ्या मुलाला, मुलीला, दासदासींना, गुराढोरांना, वेशीच्या आतल्या परक्यालासुद्धा सांगितली आहे. घरातली बाई राबत राहिली आणि बाकीच्यांनी विसावा घेतला, तर ती आज्ञा पाळली असं होत नाही. रविवारचं जेवण शनिवारीच अर्धं करून ठेव आणि नवऱ्याला भांडी घासायला सांग.

आता मूर्तीची गोष्ट. ते वडीलधारे बोलले म्हणून तू दुखावली आहेस, पण त्यांची बाजू आधी ऐक. आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्यांमागे कोणीतरी देव्हारा सोडला आणि त्यापायी पाणवठा, नातीगोती, कधीकधी गावही सोडलं. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभी केली ती नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठीच. ज्यांच्या आजा-पणज्याने ही किंमत मोजली, ते मूर्ती म्हटलं की दचकणारच. त्यांच्याशी मंडळीच्या दारात वाद घालू नकोस. बायबल घेऊन त्यांच्या घरी जा आणि सोबत बसून वाच.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको असं आहे आणि लगेच पुढं, त्यांच्या पाया पडू नको, त्यांची सेवा करू नको, असं आहे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. कारण त्याच निर्गमात देव निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांवर करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय दूत, काढायला सांगतो, आणि महायाजकाच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं लावायला सांगतो. ३१व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरून कारागिरीची बुद्धी देतो. हाताने आकार घडवणं हा अपराध असता तर हे आलं नसतं. अपराध आहे तो देवाची जागा वस्तूला देण्यात. आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली यापो गावची तबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती वारली तेव्हा विधवांनी प्रेषित पेत्राला काय दाखवलं? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. तिची साक्ष म्हणून त्या बायकांकडे दाखवायला तेवढंच होतं आणि तेवढं पुरलं. मी बाहुलीच्या परकराची घडी शिवताना पुष्कळदा तिची आठवण काढते.

खरा पेच मला भाद्रपदात पडतो. गौरींना आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्यापुढं देखावा मांडतात: शेत, विहीर, बैलगाडी, जात्यावर दळणारी बाई. शेजारपाजारच्या बायका अशा बाहुल्या करून मागतात. मी त्या आनंदाने करते. शेतकरी, दळणारी, पाठीला दप्तर लावलेली मुलगी, या बाहुल्याच आहेत. पूजेत बसणारी गोष्ट, मुखवटा असो की हातपाय, मी करत नाही आणि तसं सरळ सांगते: "वहिनी, हे माझ्या श्रद्धेत बसत नाही, पण उत्तम करणारी बाई मला माहीत आहे, तिच्याकडे पाठवते." नीट सांगितलं की शेजारीण समजून घेते. आपलं नातं त्याने तुटत नाही, उलट आपण आपल्या गोष्टीला धरून आहोत हे तिला दिसतं. तुझी सदसद्विवेकबुद्धी देखाव्यालाही नाही म्हणत असेल तर तू नाही म्हण. यात मी तुझ्यावर माझी रेघ लादणार नाही.

शाळेकडे येऊ. घरात शाळा भरवू नकोस, तास, घंटा, गणवेश यातलं काही नको. नऊ वर्षांच्या मुलाला सकाळचे दोन-अडीच तास लक्ष देऊन बसवलं तर पुष्कळ झालं. पाच वर्षांचीला अर्धा-पाऊण तास, तोही सलग नाही. गणित आणि मराठी रोज, बाकीचे विषय आलटून-पालटून. पाया बालभारतीच्या पुस्तकांचा ठेव, ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात. परदेशातले ख्रिस्ती अभ्यासक्रम आपल्यातले पुष्कळ जण मोठी रक्कम भरून मागवतात. त्यातल्या बायबलच्या गोष्टी चांगल्या असतात, पण गणितात डॉलर आणि विज्ञानात बर्फ. ज्वारीचा हुरडा, आटलेली विहीर आणि गोदाकाठची काळी माती ज्या लेकरासमोर आहे, त्याला आधी तेच शिकव. आणि मराठी सोडू नकोस. ज्या भाषेत आपण रडतो आणि प्रार्थना करतो, ती लेकरांना नीट लिहिता-वाचता आलीच पाहिजे.

तुझ्या हातात बाहुल्यांचं काम आहे, हे तुझ्या घरशाळेला मोठं वरदान आहे. मांजरपाटाचा पन्ना, म्हणजे रुंदी, ३६ इंच. एक मीटर कापडात १४ इंची बाहुलीची किती अंगं बसतील? हे गणित मुलाला वहीत देऊ नकोस. वर्तमानपत्राचे साचे कापून दे आणि जमिनीवर मांडू दे. तो आधी सगळे उभे मांडील, मग एक उलटा करून दोन साच्यांच्या मधली जागा वाचवील. क्षेत्रफळ असंच कळतं. बाहुलीचा खर्च, विक्री, उरलेले पैसे ही वही त्याच्याकडेच दे.

कापसाचा धडा तर चुकवूच नकोस. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की कोणाच्या तरी शेतातून पिशवीभर कापूस आण. सरकीसकट १०० ग्रॅम तोलून दोन्ही लेकरांना सरकी काढायला बसव. धागा सरकीला इतका चिकटलेला असतो की बोटांनी ओढता ओढता नखं दुखायला लागतात. थोडा वेळ गेला की मुलगा स्वतःच विचारतो, "आई, हे यंत्राने करत नाहीत का?" मग त्याला जिनिंगवर ने. तुमच्या सेलू-मानवतकडे जिनिंगला तोटा नाही. घरी परत आल्यावर उरलेली रुई तोलायला लाव. १०० ग्रॅम कापसातून रुई साधारण तिसरा हिस्सा, ३३-३५ ग्रॅम निघते, बाकी सरकी. शेतकऱ्याला भाव कशाचा मिळतो, सरकीची पेंड कोण घेतं, तेल कशाचं निघतं, हे सगळं त्या एका वजनातून उलगडतं. नंतर ती रुई पिंजाऱ्याकडून पिंजून आणा आणि मुलाने स्वतःची एक बाहुली तिने भरावी. मुलगा आहे म्हणून सुई देणार नाही असं करू नकोस. माझ्या दोन्ही मुलांना काज करता येतं.

इथंच एक धोका आहे. शिकवण्याच्या नावाखाली लेकरं ऑर्डरीच्या कामाला जुंपली जातात आणि आपल्याला ते कळतही नाही. माझी कसोटी साधी आहे: बाहुली त्याची स्वतःची असेल तर तो धडा, गिऱ्हाइकाची असेल आणि तारीख डोक्यावर असेल तर ती मजुरी. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार घरच्या धंद्यात लेकरं मदत करू शकतात, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसलं तरच. आपल्याकडे शाळेची वेळ कोणी बाहेरून ठरवून देत नाही, म्हणून ती रेघ आईनेच ओढायची. सकाळी अभ्यास संपेपर्यंत ऑर्डरीचं कापडसुद्धा बाहेर काढू नकोस. मोठेपणी माझ्या मुलीने हौसेने विकायच्या बाहुल्यांचे केस लावले, तेव्हा त्या कामाचे पैसे तिच्या हातात दिले.

आता बाहुल्यांबद्दल, कारण तास कमी करायचे तर प्रत्येक बाहुली चांगली आणि रास्त दराची झाली पाहिजे.

बाजारात बाहुल्या गुलाबी नाहीतर पांढऱ्या. तू आपल्या लेकरांच्या रंगाच्या कर. मांजरपाट रात्रभर भिजवून, साबणाने खळबळून त्याची खळ काढ. त्याने कापड आधीच आकसतं आणि रंगही सारखा बसतो. गव्हाळ रंगासाठी चहाच्या पावडरीचं उकळलेलं पाणी, गडद तपकिरीसाठी काथ, दोन्हींत जरा तुरटी. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, तेव्हा तुकडा वाळवून मगच ठरव. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धू, कारण बाहुली लेकराच्या तोंडात जाणारच आहे. चहाचा रंग पुढं पुढं उतरतो, काथाचा जास्त टिकतो. आमच्या मंडळीतल्या एका मुलीने पहिल्यांदा सावळी बाहुली हातात घेतली आणि स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी धरून बघत राहिली. तेव्हापासून मी गोरी बाहुली मागितल्याशिवाय करत नाही. देवाने आपल्याला ज्या रंगात घडवलं तो रंग सुंदर आहे, हे लेकराला भाषण देऊन सांगावं लागू नये.

चेहरा टाके घालायच्या आधी टाचण्यांनी मांड. डोक्याच्या निम्म्या उंचीवर, किंवा त्याहून किंचित खाली डोळे ठेवले की चेहरा लेकराचा दिसतो. वर गेले की बाई दिसते. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर. टाचण्या लावून बाहुली हातभर लांब धरून बघ आणि पटेपर्यंत हलव. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घे, आणि गाठ डोक्याच्या मागं, जिथं केस येणार तिथं मार. तोंड लहान ठेव. मोठं हसू दोन दिवस छान दिसतं, पण लेकरू रडत असताना बाहुली दात काढून हसत असली तर ते तिला कवेत घेत नाही. साधा, शांत चेहरा लेकराच्या प्रत्येक मनःस्थितीत चालतो.

मान ही बाहुलीची सगळ्यात कच्ची जागा. पोरं बाहुली मानेलाच धरून ओढत नेतात. त्याच कापडाची लांब पट्टी घट्ट गुंडाळून तिची बोटभर गुंडाळी कर, अर्धी डोक्यात, अर्धी धडात बसव आणि तिच्याभोवती कापूस थोडा थोडा करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोंब. मोठा गोळा एकदम कोंबलास तर आत पोकळी राहते आणि महिन्याभरात मान लवते. बाहेरून दुहेरी दोऱ्याने दोन वेळा फिरून शिव. कापूस की फायबर, हे वयावर ठरव. कापूस आपल्या मातीतला आणि हाताला छान लागतो, पण धुतला की गोळे होतात आणि पावसाळ्यात आतून लवकर वाळत नाही. तीन वर्षांखालच्या लेकराची बाहुली वरचेवर धुवावी लागते, तिच्यात फायबरच बरं.

त्या वयाला बटणाचे डोळे, मणी, टिकल्या अजिबात नाहीत. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात अख्खा मावेल असा सुटा तुकडा लहान लेकराच्या घशात अडकू शकतो, असं खेळण्यांच्या तपासणीत धरतात. तांड्यावरच्या बंजारा भरतकामाचे तुकडे परकरावर फार देखणे दिसतात, पण आरशाची भिंगं मोठ्यांच्या शोभेच्या बाहुलीवरच लाव. पैठणीचे काठ, हिमरूचे कातरे बिनधास्त वापर. आणि टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून डबीत ठेवायच्या. हे मोजणं धाकटीचं काम. ती एका टाचणीसाठी अख्खं घर शोधायला लावील, आणि ते बरोबरच आहे.

कायद्याचं एक काम राहून गेलं असेल तर या महिन्यात कर. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून कारागिराचं 'पहचान' कार्ड काढून घे. प्रदर्शनात जागा मिळवायलाही ते उपयोगी पडतं.

दर लावताना तासांचे पैसे धर. समजा सामान १८० रुपयांचं, ९ तासांना तासाला ६० रुपये, म्हणजे ५४०. बाहुली ७२० रुपयांच्या खाली विकलीस तर तू स्वतःच्या हाताला मजुरीही देत नाहीस. "चिंध्यांची तर आहे" म्हणणाऱ्याला मान आणि चेहरा दाखव, बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

गुरुजींना घाबरू नकोस. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली कितीतरी लेकरं आपल्या भागात खरोखर शाळेबाहेर राहतात. ते सर्वेक्षण त्यांच्यासाठी आहे आणि ते झालंच पाहिजे. गुरुजी आले की बसायला दे, पाणी दे, लेकरांच्या वह्या तारखांसकट दाखव. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात घरी शिकवण्याचं नाव घेऊन मनाई केलेली नाही, तशी वेगळी मान्यताही दिलेली नाही. त्याच कायद्याने सहा वर्षांवरच्या कोणत्याही लेकराला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे उद्या परत शाळेत घालायचं ठरलं तर दार उघडं आहे. शाळेत न जाता परीक्षा द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिचे अ, ब, क हे स्तर तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे आहेत. दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण लागतात, माध्यम मराठी घेता येतं, विषय पाच, त्यात निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी असतात. माझ्या मुलीने गृहविज्ञान आणि चित्रकला घेतली होती. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. मुलाची वही, वाचलेली पुस्तकं, केलेल्या वस्तूंचे फोटो हे सगळं आतापासून वर्षवार फाइलला लावून ठेव.

सासूबाईंना समजावत बसू नकोस, त्यांना घरशाळेत सामील करून घे. त्यांच्या मनातली भीती खरी आहे. चारचौघांत "नातू कितवीत?" असं विचारलं की त्यांना उत्तर देता येत नाही. मुलाला उत्तर शिकव: "मी चौथीचा अभ्यास घरी करतो." आणि आठवड्यातून एक दुपार त्यांची. वाकळ कशी शिवायची, धावदोरा सरळ कसा पडतो, चिंध्यांची जुळणी कशी लावायची, हे त्यांच्याइतकं तुला येत नाही. नातवंडांना शिकवता शिकवता त्या स्वतःच शेजारणीला सांगायला लागतील की पोरगा काय काय करतो ते. नवऱ्याचा तू प्रश्नात उल्लेखच केला नाहीस. गणित किंवा संध्याकाळचा शास्त्रपाठ, यातलं एक त्याच्याकडे पूर्ण दे आणि त्यात लक्ष घालू नकोस.

आता या वर्षीचं. घेतलेल्या ऑर्डरी मोज, उरलेले आठवडे मोज. ज्या बसत नाहीत त्या गिऱ्हाइकांना आजच फोन कर, डिसेंबर उजाडायची वाट पाहू नकोस: "नाताळापर्यंत घाईने केली तर मला हवी तशी होणार नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देते, नाहीतर पैसे परत करते." आगाऊ घेतलेले पैसे खर्च केले असतील तर आधी त्यांच्याच बाहुल्या कर. मंडळीच्या गव्हाणीच्या देखाव्याचं काम तुझ्याच गळ्यात पडलं असेल तर एकटीने करू नकोस. मरिया, योसेफ, मेंढपाळ महिला मंडळाला वाटून दे, आणि एका दुपारी सगळ्यांना बोलावून मान कशी भरायची तेवढं दाखव.